मराठी कार्यालयात लिबरऑफिस बसवताना: सेटिंग, टेम्प्लेट आणि तीस मशिन

14 ऑक्टोबर 2025 रोजी मायक्रोसॉफ्टने ऑफिस 2016 आणि ऑफिस 2019 यांचा सपोर्ट बंद केला. विंडोज 10 चा नेहमीचा मोफत सपोर्टही त्याच दिवशी संपला. नगरपरिषदा, शिक्षणसंस्था, पतसंस्था अशा ठिकाणी ही जोडी अजून सर्रास दिसते. प्रोग्राम उघडतात, पत्रं छापली जातात, म्हणून कुणाला घाई वाटत नाही. पण सुरक्षेच्या सुधारणा येणं थांबलंय. नव्या परवान्यांचा खर्च तीस-चाळीस मशिनने गुणला, की लिबरऑफिस या मोफत ऑफिस संचाचं नाव निघतंच.

मग बहुतेक ठिकाणी एकच गोष्ट होते. कुणीतरी पेन ड्राइव्हवर इन्स्टॉलर घेऊन टेबलाटेबलावर फिरतो, ‘नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश’ करतो, आणि आठवड्याभरात ओरड सुरू होते: मराठी अक्षर बारीक येतं, फॉन्ट बदलला तरी बदलत नाही, जुनं पत्र उघडलं तर अगम्य चिन्हं दिसतात. यातली जवळजवळ एकही तक्रार इन्स्टॉलेशनची नसते. त्या सगळ्या सेटिंगच्या असतात, आणि मराठीपुरत्या तर नक्कीच. म्हणून खालच्या क्रमात इन्स्टॉलर बराच उशिरा येतो.

आधी यादी करा

सर्वांत पहिलं काम म्हणजे कोणत्या टेबलावर एक्सेल किंवा वर्ड खरोखरच लागतं, ते शोधणं. ‘आम्हाला एक्सेलच पाहिजे’ असं सगळेच म्हणतात, त्यामुळे विचारू नका, फाइली पाहा. सर्व्हरवरच्या आणि मशिनवरच्या फोल्डरमध्ये एक्सएलएसएम, एमडीबी आणि एसीसीडीबी ही एक्स्टेन्शन शोधा. पहिल्या प्रकारात एक्सेलचे मॅक्रो (आपोआप चालणाऱ्या आज्ञांचे छोटे प्रोग्राम) असतात, उरलेल्या दोन अॅक्सेसच्या फाइली. लिबरऑफिस कॅल्क (एक्सेलच्या जागचा प्रोग्राम) व्हीबीए या मायक्रोसॉफ्टच्या मॅक्रो-भाषेतले काही मॅक्रो चालवतं, पण सगळे नाही. जीएसटीच्या पोर्टलवरून उतरवायच्या काही ऑफलाइन युटिलिटी, उदाहरणार्थ जीएसटीआर-9 ची, मॅक्रो असलेल्या एक्सेल फाइलीच आहेत. तेव्हा लेखा विभागाच्या एका मशिनवर एक्सेल राहू द्या. हट्टाने सगळीकडून ते काढायला गेलात, तर विवरणपत्राच्या शेवटच्या दिवशी पूर्ण प्रकल्पच बदनाम होतो.

दुसरी यादी फॉन्टची. श्रीलिपी, कृतीदेव, शिवाजी, सुरेख या घराण्यांतल्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर युनिकोड (प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतंत्र कोड देणारं मानक) नसतो. संगणकाच्या दृष्टीने ती रोमन अक्षरं आणि चिन्हंच असतात, वर फक्त मराठी रूप चढवलेलं. फॉन्ट नसलेल्या मशिनवर तो पडदा गळून पडतो आणि खालची चिन्हं दिसतात. अशा हजारो फाइली सरसकट युनिकोडमध्ये फिरवण्याच्या भानगडीत पडू नये असं माझं ठाम मत आहे. कन्व्हर्टर जोडाक्षरांत आणि रफारात चुका करतात, आणि त्या तपासायला माणूस कुणाकडेच नसतो. जी पत्रं आजही नमुना म्हणून वापरली जातात, तेवढीच नव्याने युनिकोडमध्ये टाइप करून घ्या. उरलेल्या दप्तराची, तो फॉन्ट असलेल्या मशिनवरच, पीडीएफ करून ठेवा. पीडीएफमध्ये फॉन्ट आत बसतो, त्यामुळे पुढे कुठेही उघडली तरी वाचता येते. हे एकगठ्ठा कसं करायचं ते पुढे येईल.

एक नमुना मशिन

आता एकच मशिन घ्या आणि त्यावर लिबरऑफिस हाताने बसवा. 2024 पासून याच्या आवृत्त्यांना वर्ष आणि महिन्याचे आकडे असतात: 24.2, 24.8, 25.2, 25.8. विंडोज 7 किंवा 8 असलेल्या मशिनवर 25.8 चालत नाही, तेव्हा अशी मशिन यादीतून आधीच वेगळी काढा.

उघडल्यावर पहिला थांबा टूल्स मेनूतल्या ऑप्शन्समध्ये, भाषांच्या पानावर. इथे चार गोष्टी वेगवेगळ्या आहेत, आणि गोंधळ होतो तो त्या एकच समजल्यामुळे.

यूजर इंटरफेस म्हणजे मेनूची भाषा. मराठी मेनू उपलब्ध आहेत. तरी ते सक्तीने लावू नयेत असं मी सुचवीन. एमएस-सीआयटी केलेल्या बहुतेक क्लार्कच्या हातात ‘फाइल, एडिट, इन्सर्ट’ बसलेलं असतं, आणि फोनवरून मदत करताना दोघांच्या पडद्यावर वेगवेगळे शब्द असले की वैताग येतो. दोन्ही भाषा बसवून ठेवा, निवड ज्याची त्याला करू द्या.

लोकेल म्हणजे तारीख, चलन आणि आकड्यांची पद्धत. इथे इंग्लिश (इंडिया) ठेवा. देश भारत असला की कॅल्क 12,34,567 असे लाख-कोटीचे स्वल्पविराम आपणहून देतं, ₹ चिन्ह येतं आणि तारीख दिवस-महिना-वर्ष अशी वाचली जाते. इंग्लिश (यूएसए) राहिलं तर 5/4 लिहिलेलं 4 मे होतं, आणि ते महिनाभर कुणाच्या लक्षातही येत नाही.

तिसरी गोष्ट दस्तऐवजाची मूळ भाषा, वेस्टर्न या नावाखाली. ती इंग्लिश (इंडिया). चौथी, आणि आपल्यासाठी सर्वांत महत्त्वाची, कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट, म्हणजे सीटीएल. देवनागरी लिपी या गटात मोडते. तो पर्याय चालू करून त्याची भाषा मराठी निवडा. न बदलता सोडलं, तर तिथे सहसा हिंदी असतं.

यानंतर फॉन्ट. लिबरऑफिस प्रत्येक स्टाइलमध्ये (मथळा, मजकूर अशा प्रकारांची ठरवून ठेवलेली मांडणी) रोमनसाठी एक आणि देवनागरीसाठी दुसरा असे दोन फॉन्ट आणि दोन आकार वेगवेगळे जपतं. ‘फॉन्ट बदलला तरी बदलत नाही’ या तक्रारीचं मूळ इथेच आहे: स्टाइलमध्ये वेस्टर्नचा फॉन्ट 14 केलेला असतो, सीटीएलचा 12 वरच राहिलेला असतो. ऑप्शन्समधल्या लिबरऑफिस रायटर (वर्डच्या जागचा प्रोग्राम) याखाली बेसिक फॉन्ट्स (सीटीएल) हे वेगळं पान आहे. डिफॉल्ट, हेडिंग, लिस्ट या सगळ्यांना तिथे एकच मराठी फॉन्ट आणि योग्य आकार द्या.

फॉन्ट कोणता? विंडोज 10 आणि 11 च्या कोऱ्या इन्स्टॉलेशनमध्ये मंगल नसतोच. कोकिला, अपराजिता, उत्साह यांच्यासोबत तो ‘देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स’ या ऐच्छिक भागात गेलाय. मूळ संचात देवनागरीसाठी निर्मला यूआय येतो. त्यामुळे अर्ध्या मशिनवर मंगल आहे नि अर्ध्यांवर नाही, अशी स्थिती असते आणि त्याच पत्राची पानं एकीकडे दोन, दुसरीकडे तीन भरतात. विंडोजच्या मर्जीवर अवलंबून न राहता मुक्त परवान्याचा एक फॉन्ट सगळीकडे आपणच बसवावा. मी नोटो सान्स देवनागरी निवडतो. कारण पुढच्या भागात. बसवताना उजव्या क्लिकमध्ये ‘इन्स्टॉल फॉर ऑल यूजर्स’ घ्या. नुसतं ‘इन्स्टॉल’ केलं, तर फॉन्ट त्या एका यूजरच्या प्रोफाइलमध्ये जातो, आणि दुसऱ्या क्लार्कने लॉगिन केलं की गायब.

उरलेल्या किरकोळ गोष्टी झटपट: ऑटोरिकव्हरी दर 10 मिनिटांची असते ती 5 वर आणा, बॅकअप कॉपी चालू करा (यूपीएस प्रत्येक टेबलाखाली नसतो आणि वीज सांगून जात नाही). रिबनची सवय असलेल्यांसाठी व्ह्यू मेनूतल्या यूजर इंटरफेसमधून टॅब्ड निवडा.

फाइलीच्या फॉरमॅटवर मात्र बैठकीत वाद होणार. ओडीएफ हे कागदपत्रांचं खुलं फॉरमॅट 2006 पासून आयएसओचं मानक आहे, आणि लिबरऑफिसचं ते मूळ रूप. डॉकएक्स, म्हणजे वर्डचं फॉरमॅट, डिफॉल्ट करता येतं, लोक ते करतातही. माझा कौल असा: कार्यालयातला मसुदा ओडीटीमध्ये (ओडीएफमधलं रायटरच्या फाइलींचं रूप), बाहेर जाणारं पत्र पीडीएफमध्ये, आणि समोरचा माणूस त्यात बदल करून परत पाठवणार असेल तेव्हाच डॉकएक्स. तीच फाइल रोज डॉकएक्समधून इकडे-तिकडे होत राहिली, की तक्त्यांच्या रेषा आणि क्रमांकन हळूहळू हलतं, आणि दोष लिबरऑफिसच्या माथी बसतो.

ल, श, ॲ आणि ऱ्य

हा भाग इंग्रजी मार्गदर्शिकांत सापडत नाही, म्हणून इथे जरा थांबतो.

राज्य शासनाच्या 6 नोव्हेंबर 2009 च्या निर्णयाने मराठी वर्णमालेचं आणि अक्षरवळणांचं प्रमाणीकरण झालं. मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ हिंदी छपाईतल्या रूपांहून वेगळे आहेत हे सगळ्यांना ठाऊक आहे. दोन्ही रूपांना युनिकोडमध्ये कोड मात्र एकच आहे. कोणतं रूप दाखवायचं हे फॉन्ट ठरवतो, आणि चांगले फॉन्ट ते मजकुराच्या भाषेवरून ठरवतात. ओपनटाइप फॉन्टमध्ये यासाठी एलओसीएल नावाची सोय असते. मजकुरावर भाषा मराठी असेल, तर ती सोय मराठी वळणं पुढे करते. नोटो सान्स देवनागरीत ती भरलेली आहे.

नमुना मशिनवर करून पाहा. ‘लाल शाल’ असं टाइप करा, निवडा, कॅरेक्टरच्या खिडकीत जाऊन सीटीएलची भाषा हिंदी करा, मग मराठी करा. अक्षरांचे आकार डोळ्यांदेखत बदलतात. म्हणजे मघाशी सीटीएलची भाषा हिंदीच राहिली असती, तर कार्यालयातून जाणाऱ्या प्रत्येक पत्रात हिंदी वळणाचा ‘ल’ छापला गेला असता आणि फॉन्टलाच दोष दिला गेला असता. शुद्धलेखन तपासणीही याच भाषेवर चालते.

दुसरा प्रश्न शोधण्याचा. ‘ॲ’ तीन प्रकारे टाइप होतो. एक, 2008 मध्ये युनिकोडच्या 5.1 आवृत्तीत आलेलं स्वतंत्र अक्षर ॲ. दोन, अ अधिक चंद्र: अॅ. तीन, हिंदीच्या सवयीने ऍ. पहिले दोन कागदावर अगदी सारखे दिसतात. शोधताना आणि क्रमवारी लावताना मात्र तिन्ही वेगळे धरले जातात. कॅल्कमधल्या नावांच्या यादीत ‘अॅड.’ आणि ‘ॲड.’ असे दोन वकील वेगवेगळ्या ठिकाणी जाऊन बसतात. तेच ‘ऱ्य’चं. ‘अधिकाऱ्यांना’ या शब्दातला ऱ्य कुणी ऱ वापरून टाइप करतं, कुणी र, हलन्त आणि झेडडब्ल्यूजे हे न दिसणारं जोडचिन्ह घालून. छपाईत फरक नाही, पण एकाचा शोध घेतला तर दुसरा सापडत नाही.

यावर उपाय ऑटोकरेक्ट. त्याची यादी भाषेगणिक वेगळी असते. भाषा मराठी निवडून ‘अॅ.*’ च्या जागी ‘ॲ’ अशी नोंद करा. पुढच्या बिंदू-तारांकनाचा अर्थ ‘या अक्षराने सुरू होणारा कोणताही शब्द’. ऍ साठीही तशीच. ‘अधिकार्‍यां’ या शब्दाची आणि अशाच नेहमीच्या आठ-दहा शब्दांची रूपं एकसारखी करून घ्या. ही यादी यूजर प्रोफाइलमधल्या ऑटोकॉर नावाच्या फोल्डरात एसीओआर-एमआर-आयएन अशा धाटणीच्या नावाने डॅट फाइल म्हणून साठते. तीच फाइल इन्स्टॉलेशनमधल्या शेअर फोल्डरातल्या ऑटोकॉरमध्ये टाकली, की त्या मशिनवरच्या सर्वांना लागू. मात्र एखाद्या क्लार्कने स्वतःची नोंद वाढवली, की त्याच्यापुरती वेगळी प्रत तयार होते आणि तुमची पुढची सुधारणा त्याच्यापर्यंत पोचत नाही. तेव्हा पहिलीच यादी नीट करा.

देवनागरी आकड्यांचाही प्रश्न येतो. कॅल्कमध्ये आकडे हाताने देवनागरीत टाइप करू देऊ नका. आकडा साधाच लिहावा, सेलच्या फॉरमॅटमध्ये भाषा मराठी निवडावी आणि फॉरमॅट कोडच्या आधी चौकटी कंसात नॅटनम1 लिहावं. दिसतं १२,३४,५६७, बेरीज मात्र नेहमीसारखी होते.

नमुन्याचं नियमात रूपांतर

नमुना मशिन मनासारखं झालं. आता त्यातली सेटिंग बाहेर काढायची.

तुम्ही ऑप्शन्समध्ये केलेला प्रत्येक बदल यूजर प्रोफाइलमधल्या एकाच फाइलीत लिहिला जातो: रजिस्ट्रीमॉडिफिकेशन्स, एक्स्टेन्शन एक्ससीयू. विंडोजवर ती ॲपडेटा-रोमिंगमधल्या लिबरऑफिस फोल्डरात, 4 नावाच्या उपफोल्डरातल्या यूजरमध्ये मिळते. आवृत्ती 25 असली, तरी तो 4 तसाच आहे. सुरुवात करण्याआधी या फाइलीची एक प्रत ठेवा, सेटिंग करा, लिबरऑफिस बंद करा आणि दोन प्रतींतला फरक काढा. नोटपॅड++ मधलं कम्पेअर पुरेसं आहे. फरकात आलेली प्रत्येक ओळ सांगते की कोणत्या मार्गावर कोणतं मूल्य बसलं. यातून मार्ग पाठ नसले तरी चालतं. खिडक्यांचे आकार, अलीकडे उघडलेल्या फाइली असला कचराही फरकात येतो, तो टाकून द्या.

पूर्ण फाइलच उचलून सगळ्या मशिनवर चिकटवण्याचा मोह टाळा. तिच्यात तुमचं नाव, तुमचे मार्ग, तुमची अलीकडची पत्रं सगळं जातं.

निवडलेली सेटिंग लावण्याच्या दोन वाटा आहेत. लिबरऑफिस सेटिंग थरांनी वाचतं: सर्वांत खाली इन्स्टॉलेशनमधला शेअर-रजिस्ट्री फोल्डर, वर एक्स्टेन्शन (इथे अर्थ लिबरऑफिसला जोडायची पुडकी), मग विंडोजची पॉलिसी (ॲडमिनने लावलेले नियम), सर्वांत वर यूजरची स्वतःची फाइल. वरचा थर खालच्याला झाकतो. खालच्या थरातलं मूल्य ‘फायनल’ म्हणून घोषित केलं, की वरच्याचं चालत नाही आणि ऑप्शन्समध्ये ती चौकट करडी होते.

पहिली वाट शेअर-रजिस्ट्री फोल्डरात स्वतःची एक्ससीडी फाइल ठेवण्याची. लिनक्सवरही ती चालते. दुसरी विंडोजच्या रजिस्ट्रीची, म्हणजे सेटिंगच्या साठ्याची: एचकेएलएम या पूर्ण मशिनच्या विभागाखाली सॉफ्टवेअर, पॉलिसीज, लिबरऑफिस, आणि त्याखाली फरकात सापडलेला मार्ग जसाच्या तसा. शेवटच्या की-मध्ये दोन नोंदी असतात: व्हॅल्यू आणि फायनल. फायनलला 1 दिलं की कुलूप. डोमेन (सगळी मशिन एका सर्व्हरच्या ताब्यात) असेल तर हे ग्रुप पॉलिसीतून, म्हणजे त्या सर्व्हरवरून, जातं, नसेल तर रजिस्ट्रीच्या नोंदी असलेल्या एका रेग फाइलीने भागतं. मी दुसरी वाट घेतो. लिबरऑफिस काढून पुन्हा बसवलं तरी ती सेटिंग जागेवर राहते.

कुलूप कशाला लावायचं? फार थोड्याला. सीटीएलची भाषा, लोकेल, मॅक्रो सुरक्षेची पातळी आणि अपडेटची तपासणी, एवढंच. फॉन्ट, टूलबार, ऑटोरिकव्हरीची मिनिटं यांची मूल्यं द्या पण फायनल करू नका. करड्या चौकटी दिसल्या, की माणसं आपल्या कामाची सोय बाहेरच्या कुठल्यातरी वेबसाइटवर शोधतात, आणि कार्यालयाची पत्रं तिथे चढवली जातात.

टेम्प्लेट आणि मॅक्रो एकाच पुडक्यात

लेटरहेड, टिपणी, कार्यवृत्त, नोटीस, दाखला: पाच-सहा टेम्प्लेट पुरतात. प्रत्येकात स्टाइल वापरा आणि स्टाइलमध्ये वेस्टर्न आणि सीटीएल दोन्ही फॉन्ट भरा. स्टाइल नीट असल्या तर पुढे लेटरहेड बदलताना फायदा होतो: टेम्प्लेट सुधारल्यावर त्यावरून बनलेलं जुनं पत्र उघडताना रायटर विचारतो, नव्या स्टाइल लावू का? ठळक, मध्यभागी, 16 आकार असं हाताने सजवलेल्या पत्राला ही सोय मिळत नाही.

टेम्प्लेट वाटायची नीटनेटकी पद्धत म्हणजे एक्स्टेन्शन. ओएक्सटी फाइल ही आतून साधी झिप असते. तिच्या मुळाशी डिस्क्रिप्शन नावाची एक्सएमएल फाइल, जिच्यात ओळखनाव आणि आवृत्ती क्रमांक. मेटा-इन्फ फोल्डरात मॅनिफेस्ट, ज्यात आत काय काय आहे त्याची नोंद. टेम्प्लेट्स नावाचा फोल्डर. आणि पाथ्स नावाची एक्ससीयू, जी टेम्प्लेटच्या अंतर्गत मार्गांत ‘ओरिजिन’ चलाच्या आधारे त्या फोल्डरची भर घालते. बेसिकमधल्या मॅक्रोची लायब्ररी याच पुडक्यात जाते. मराठी शुद्धलेखनाचं एक्स्टेन्शनही याच रांगेत बसवता येतं.

बसवायला प्रोग्राम फोल्डरातली यूएनओपीकेजी ही आज्ञा, ‘ॲड’ आणि ‘शेअर्ड’ या पर्यायांसह, ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा. शेअर्ड विसरलं तर एक्स्टेन्शन फक्त तुमच्या यूजरपुरतं बसतं. त्या वेळी लिबरऑफिस पूर्ण बंद हवं. पुढच्या वेळी डिस्क्रिप्शनमधला आवृत्ती क्रमांक वाढवून पुन्हा तेच करायचं, जोडीला ‘फोर्स’.

मॅक्रोची सुरक्षा ‘हाय’ वर ठेवा आणि विश्वासू जागांच्या यादीत सर्व्हरवरचा एकच, फक्त वाचता येणारा फोल्डर टाका. ‘मीडियम’ वर प्रत्येक वेळी प्रश्न विचारला जातो, आणि दुसऱ्या दिवसापासून सगळे न वाचता ‘एनेबल’ दाबतात.

जावक क्रमांक मॅक्रोने आपोआप घालून द्या, अशी मागणी हमखास येते. कॅल्कच्या फाइलीतून पुढचा आकडा उचलणारा मॅक्रो लिहिणं सोपं आहे, पण दोन टेबलांनी एकाच क्षणी पत्र काढलं की एकच क्रमांक दोन पत्रांवर जातो. छोटा डेटाबेस सर्व्हर असेल तरच यात पडा. नसेल तर जावक रजिस्टर आणि पेन हीच खात्रीची व्यवस्था आहे.

आता इन्स्टॉलर

लिबरऑफिसचा विंडोज इन्स्टॉलर एमएसआय (विंडोजचं इन्स्टॉलर पॅकेज) स्वरूपात येतो, 64 बिटचा साधारण साडेतीनशे एमबीचा. मदतीची पानं वेगळ्या एमएसआयमध्ये असतात. तो गुपचूप बसवण्यासाठी एमएसआय-एक्झेक या विंडोजच्या आज्ञेला ‘आय’ स्विच, फाइलीचा मार्ग, ‘क्यूएन’ (काहीही न दाखवता) आणि ‘नोरिस्टार्ट’ द्या. लॉगसाठी ‘एल, तारांकन, व्ही’ आणि फाइलीचं नाव. लॉग सर्व्हरवर मशिनच्या नावाने लिहा.

त्यापुढे काही प्रॉपर्टी मोठ्या अक्षरांत लिहितात. यूआय, अंडरस्कोअर, लँग्ज हिला ईएन-यूएस (मधे हायफनऐवजी अंडरस्कोअर) आणि एमआर दिलं की तेवढ्याच मेनूभाषा बसतात आणि जागा वाचते. रजिस्टर-ऑल-एमएसओ-टाइप्स (मधे हायफनऐवजी अंडरस्कोअर) हिला 1 दिलं, की डॉक, एक्सएलएस वगैरे फाइली लिबरऑफिसमध्ये उघडतात. ज्या लेखा विभागात एक्सेल ठेवलंय, तिथे ‘ऑल’च्या जागी ‘नो’ लिहिलेली प्रॉपर्टी वापरा. अपडेट तपासणीची प्रॉपर्टी, आयएस-चेक-फॉर-प्रॉडक्ट-अपडेट्स (हे मात्र सलग, अंडरस्कोअरशिवाय), 0 करा. नाहीतर ॲडमिन अधिकार नसलेल्या क्लार्कला दर काही दिवसांनी निरुपयोगी सूचना दिसते.

डोमेन असेल तर ग्रुप पॉलिसीतलं सॉफ्टवेअर इन्स्टॉलेशन समोर दिसतं. ते अशा कामाला अडचणीचं आहे, कारण तिथे या प्रॉपर्टी लिहायला जागाच नाही. त्यासाठी एमएसटी ट्रान्सफॉर्म (एमएसआयमध्ये बदल करणारी जोडफाइल) बनवावा लागतो. कॉम्प्युटर स्टार्टअप स्क्रिप्ट सोपी. ती मशिनच्या खात्यातून चालते, म्हणून इन्स्टॉलर ठेवलेल्या शेअरवर ‘डोमेन कॉम्प्युटर्स’ गटाला वाचायची परवानगी द्या. माणसांना परवानगी आहे, मशिनला नाही, यात बराच वेळ जातो.

डोमेन नसेल, आणि तालुक्याच्या कार्यालयात सहसा नसतंच, तर एक बॅच फाइल पुरते: फॉन्ट, एमएसआय, रेग फाइल, ऑटोकरेक्टची डॅट, एक्स्टेन्शन, याच क्रमाने. शेवटी परतीचा कोड तपासा. 0 म्हणजे झालं. 3010 म्हणजे झालं पण रीस्टार्ट हवा. 1618 म्हणजे दुसरं काही इन्स्टॉल चालू आहे, थांबा. 1603 आला तर लॉग उघडा आणि ‘रिटर्न व्हॅल्यू 3’ शोधा. खरं कारण त्याच्या जरा वर लिहिलेलं असतं.

जावा बसवायची गरज बहुतेक ठिकाणी नाही. रायटर, कॅल्क, इम्प्रेस तिच्याशिवाय चालतात. बेस या लिबरऑफिसच्या डेटाबेस प्रोग्राममधला जुना अंगभूत डेटाबेस वापरणार असाल, तरच ती लागते.

पहिल्या फेरीत दोनच मशिन घ्या: कार्यालयातलं सर्वांत जुनं आणि सर्वांत गर्दीच्या टेबलावरचं. आवक-जावकच्या टेबलावर आठवडाभर चाललं, तर ते कुठेही चालेल.

जुन्या दप्तराची पीडीएफ

सॉफिस या लिबरऑफिसच्या मूळ प्रोग्रामला ‘हेडलेस’ आणि ‘कन्व्हर्ट-टू पीडीएफ’ हे पर्याय, ‘आउटडिर’ आणि फाइलींची यादी दिली, की खिडकी न उघडता पूर्ण फोल्डरच्या पीडीएफ तयार होतात. त्याच मशिनवर कुणी लिबरऑफिस उघडून बसलं असेल, तर आज्ञा काहीही न करता, चूकही न दाखवता परत येते, कारण दोघंही एकच प्रोफाइल वापरतात. त्यासाठी ‘ईएनव्ही यूजरइन्स्टॉलेशन’ हा पर्याय देऊन तात्पुरतं वेगळं प्रोफाइल दाखवा. पायथनमधून हे काम करणाऱ्यांनी एकावेळी एकच प्रक्रिया चालवावी किंवा प्रत्येकीला स्वतःचं प्रोफाइल द्यावं. आणि हजारो फाइली एका दमात देऊ नका: शे-दीडशेचे गठ्ठे करा, प्रत्येक गठ्ठ्यानंतर आलेल्या पीडीएफ मोजा, कमी पडल्या तर नावं वेगळी काढा. पासवर्ड असलेली एखादी डॉक फाइल मधे आली, की तिथेच अडतं.

प्रत्येक गठ्ठ्यातल्या काही पीडीएफ डोळ्यांनी पाहाच. जुना फॉन्ट त्या मशिनवर खरोखर आहे की नाही, हे तिथेच कळतं.

चालू झाल्यावर

सर्वांत जास्त फोन एकाच गोष्टीसाठी येतात: ‘फाइल लॉक आहे म्हणतंय’. कुणी फाइल उघडली, की त्याच फोल्डरात बिंदू, तरंगरेषा आणि ‘लॉक’ने सुरू होणारी एक लपलेली छोटी फाइल तयार होते, तिच्यात उघडणाऱ्याचं नाव असतं. वीज गेली की ती मागे राहते. आत ज्याचं नाव आहे, त्याने फाइल खरंच बंद केलीय ना हे विचारा, मग ती पुसा. नाव ‘अननोन यूजर’ येऊ नये म्हणून ऑप्शन्समधल्या यूजर डेटामध्ये टेबलाचं नाव भरलेलं असावं. हेही पॉलिसीतूनच, मशिनगणिक वेगळ्या मूल्याने जाऊ शकतं, फायनल न करता.

एकाच माणसाच्या मशिनवर विचित्र वागणूक दिसली, तर हेल्प मेनूतला सेफ मोड वापरा. त्यात नीट चाललं, तर दोष प्रोफाइलमध्ये आहे, आणि तिथूनच ते मूळ स्थितीला आणता येतं. सेटिंग पॉलिसीत असल्यामुळे प्रोफाइल कोरं झालं, तरी मराठीची मांडणी जात नाही.

नव्या आवृत्त्या वर्षातून दोनदा, फेब्रुवारी आणि ऑगस्टच्या सुमारास येतात, आणि प्रत्येकीला नऊ-दहा महिने सुधारणा मिळतात. पहिल्याच दिवशी उडी मारू नका. त्या आवृत्तीचा चौथा-पाचवा दुरुस्ती-हप्ता आला की ती घ्या. वर्षातून किमान एकदा आवृत्ती बदलावीच लागते, आणि मार्चएंडच्या आसपास तरी ती बदलू नका. नवा एमएसआय जुना स्वतः काढून जागा घेतो, फक्त त्या वेळी लिबरऑफिस उघडं नको. आधीच्या एमएसआयची प्रत सर्व्हरवर पुढची आवृत्ती स्थिरावेपर्यंत राहू द्या. बदलानंतर पहिल्या फेरीतल्या त्या दोन मशिनवर लेटरहेड उघडा, ‘लाल शाल’ टाइप करा, लाखाचा आकडा लिहा आणि एक डॉकएक्स उघडून पाहा. एवढं ठीक असलं की बाकीच्यांवर सोडा.